चार पसे पीठ

माझ्या मामीला बटणांच्या कारखान्यात सगळे ‘अंदाजे बाई’ म्हणायचे. नव्या बायकांना ते आडनावच वाटायचं. किती वाजले, बस केव्हा येईल, मीठ किती घालू, काहीही विचारा, मामीचं उत्तर ‘अंदाजे’पासून सुरू व्हायचं. आणि ही बाई नोकरी कसली करायची, तर मोजण्याची! एका पुठ्ठ्यावर बारा बटणं, एका खोक्यात बारा डझन पुठ्ठे, एकतीस वर्षं. “दिवसभर मोजून डोळे फुटतात, घरी मी काही मोजणार नाही,” असं म्हणायची आणि तसंच वागायची. तिच्या घरात ना वजनकाटा होता ना मापाचा पेला. घड्याळ होतं, तेही पुढे.

रोज सकाळी ती मक्याचा पाव करायची. चार पसे पीठ, म्हणजे एका हाताची वाटी करून चार वेळा. त्यात दोन अंडी, वाटीभर आंबट दही, थोडं तेल, आणि मीठ-सोडा, अर्थातच अंदाजे. जुन्या ओव्हनमध्ये चौकोनी डबा ठेवला की वासाने जिन्यापर्यंत कळायचं. डब्याचे आठ तुकडे व्हायचे आणि त्यातले दोन मामाचे. मामा कुलुपं दुरुस्त करायचा आणि स्वतःही कुलूप लावल्यासारखा गप्प असायचा. छत्तीस वर्षं त्याने पावाला चांगलं म्हटलं नाही आणि पाव एकदाही टाकला नाही.

मग स्वतःच्या दुकानाच्या पायरीवरून त्याचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण मामाने खाणंच सोडलं. दवाखान्यातलं जेवण आलं की दोन घास घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “असंच चाललं तर नळीने द्यावं लागेल.” मामीने घाबरत विचारलं, “घरचा पाव आणला तर?” डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक छापील कागद दिला. पदार्थ, घटक, प्रमाण.

कागद मी भरला. मी घरातली शिकलेली, पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून लोकांना शहाणपण शिकवणारी भाची. ‘मक्याचं पीठ’ लिहिणार होते, पण एवढ्या शिकलेल्या बाईंपुढे ते फारच घरगुती वाटलं. म्हणून मी ऐटीत लिहिलं, ‘कॉर्नफ्लोअर’.

बाईंनी कागद वाचला. “चार पैसे पीठ? हे काय?”

“पैसे नाही, पसे,” मी हात वाटीसारखा करून दाखवला.

त्यांनी उसासा टाकला. “कॉर्नफ्लोअरचा पाव? काकू, अहो यात नुसता स्टार्च असतो. प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत. अंड्या-दह्याचं जे काही असेल ते आठ तुकड्यांत वाटलं जातं. यांचं हाड जुळायचंय. हा पाव पोट भरेल, पण अंगाला लागणार नाही.” आणि त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली.

मामी बाहेरच्या बाकावर बसली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“अंगाला लागत नाही म्हणाल्या ना?”

“हो, पण...”

“छत्तीस वर्षं खायला घातलाय गं मी. म्हणजे पोकळच घातलं का? हाड त्याच्यामुळे मोडलं का?”

“नाही गं मामी,” मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. मलाच काही कळत नव्हतं. मामा म्हातारपणापर्यंत लोखंडी शटरं एका हाताने उचलत होता, ते कशाच्या बळावर?

घरी येईपर्यंत मामीचं डोकं चालूच होतं. “मग कोंबड्या कशा वाढतात? त्या तर मकाच टिपतात. का त्याही पोकळ असतात?” मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने पिठाचा डबा उघडून माझ्यापुढे आदळला. “बघ बाई तूच. काय नाही यात?”

मी बघितलं. पीठ पिवळं होतं, बोटांना रवाळ लागत होतं. माझ्या घरी सूप दाट करायला कॉर्नफ्लोअरचं पाकीट असतं. ते पांढरंशुभ्र, बोटांत धरलं की करकर वाजणारं.

“मामी, चूक माझी आहे. मी कागदावर कॉर्नफ्लोअर लिहिलं.”

“म्हणजे काय? कॉर्न म्हणजे?”

“मका.”

“आणि फ्लोअर?”

“पीठ.”

“मग मक्याचं पीठच झालं की! चुकलं कुठे?”

“दुकानात त्या नावाने मिळतं ते वेगळं असतं. मक्यातलं बाकी सगळं काढून उरलेला नुसता स्टार्च. तुझं पीठ अख्ख्या दाण्याचं आहे.”

मामीने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे मक्याचं पीठ म्हटलं की त्यात सगळा मका असतो, आणि तेच कॉर्नफ्लोअर म्हटलं की नसतो?” तिने कपाळाला हात लावला. “तुझ्या एका शब्दापायी दुपारभर मी नवऱ्याला उपाशी मारल्याचं पाप डोक्यावर घेऊन बसले होते, शहाणे!”

मी शेजारणीचा वजनकाटा मागून आणला, या खेपेला प्रमाण तरी नीट लिहावं म्हणून. मामीने नाक मुरडलं. “तुझा काटा खाली राहू दे. मी माझा पाव करते.”

काट्यावर परात ठेवली. पहिला पसा अठ्ठेचाळीस ग्रॅम. दुसरा अठ्ठेचाळीस. तिसरा एकोणपन्नास. मी तोंडात बोट घातलं. चौथा एकसष्ट.

“मामी, हा जास्त झाला.”

“नाही झाला.”

“तेरा-एक ग्रॅम जास्त आहे.”

“तो त्यांचा पसा. तीन पावाचे, चौथा त्यांचा. तो भरूनच घालायचा.”

“अगं, पण सगळं पीठ एकत्र मिसळतं. तुझ्याही वाट्याला येतं.”

“येऊ दे की.”

“कधीपासून घालतेस असा?”

“अंदाजे पहिल्यापासून.”

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी आम्ही नेलेलं पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी छताकडे बघायला लागले. त्यांनी आकडे मांडले. एका तुकड्यात साधारण साडेचार ग्रॅम प्रथिनं आणि दोनेक ग्रॅम तंतू. “औषध नाही हे काकू, पण अंगाला लागेल. डब्याचा आठवा भाग द्या, सोबत दही.” मग पेन थांबलं. “हा एकसष्टचा आकडा चुकलाय का?”

“नाही,” मी म्हटलं. “तेवढा एक बरोबर आहे.”

खाटेशी मामीने डबा उघडला, सुरी घेतली आणि तशीच उभी राहिली. इतकी वर्षं न बघता आठ तुकडे करणारी बाई, पण दोन दिवसांत कानांवरून इतके आकडे गेले होते की तिचा हातच चालेना.

“आठवा भाग म्हणजे केवढा गं?” तिने मला विचारलं.

भिंतीकडे तोंड केलेला मामा हळूच वळला. त्याने डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“अंदाजे काप,” तो म्हणाला.