कार्डावरची उंची

मी पोलीस अधिकारी झालो तो साळवे गुरुजींमुळे. खुलताबादजवळच्या आमच्या वस्तीत माझ्याआधी कोणी कॉलेजपर्यंत गेलं नव्हतं. गुरुजींनी फॉर्म भरले, पुस्तकं दिली. पुढे नोकरीत बऱ्याच केसेस केल्या; पण निवृत्तीच्या थोडं आधीची ही एक आठवली की अजूनही मी बसल्या जागेवरून उठतो.

हर्सूलची एक बाई सकाळी ठाण्यात आली. एकोणीस वर्षांची मुलगी आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. मुलीला मॉडेल व्हायचं होतं. कपाटात सापडलेलं तिचं कार्ड बाईंनी टेबलावर ठेवलं. पुढे मोठा फोटो. मागे चार छोटे फोटो, उंची, मापं, बुटाचा नंबर. मॉडेल मुली काम मिळावं म्हणून अशी कार्डं देतात. हिने ते मोबाइलवरून एका माणसाला पाठवलं होतं. शूटिंग आहे सांगून त्याने तिला पुण्याला बोलावलं, एवढं मैत्रिणीकडून कळलं. त्यानंतर फोन बंद.

मिसिंगच्या फॉर्ममध्ये उंची, बांधा, रंग असे रकाने असतात. मी कार्डावरून भरत गेलो. उंची पाच फूट सात इंच.

"साहेब, एवढी उंच नाय हो ती," बाई म्हणाल्या. "माझ्याएवढीच हाय."

"ताई, इथं छापलंय ना."

मी रकान्यात तोच आकडा लिहिला. कार्डाच्या फोटोसह वर्णन सगळीकडे गेलं. दिवसभर काही हाती लागलं नाही. बाई बाकावरून हलेनात आणि मला एका जागी बसवेना.

दुसऱ्या दिवशी गुलमंडीतल्या फोटोग्राफरला चौकशीला आणलं. कार्ड त्याने केलं होतं. मुलीचा नंबर त्या माणसाला यानेच दिला, असा मला संशय. तासभर मी तेच विचारत राहिलो. शेवटी तो वैतागला.

"साहेब, मैं तो सिर्फ कार्ड बनाता. चेहरा गोरा करतो, उंची चार-पाच इंच वाढवतो. सगळ्याच पोरी वाढवून मागतात. खरी लिहिली तर कार्ड कोण बघतंय?"

मी तसाच बाहेर आलो. बाईंना भिंतीशी उभं करून टेप लावली. पाच फूट दोन.

त्यांच्या मोबाइलमध्ये मुलीचा हळदीच्या कार्यक्रमातला साधा फोटो होता. तो आणि खरी उंची तातडीने सगळीकडे पाठवली. संध्याकाळच्या आत एका रेल्वे स्थानकाजवळच्या लॉजवर मुलगी सापडली. त्या माणसाला तिथेच अटक झाली.

जबाबात मुलगी म्हणाली, "सर, काल स्टेशनवर पोलीस माझ्यासमोर आले होते. हातात माझं कार्ड होतं. त्यानं माझा दंड धरलेला, तोंड उघडायची हिंमत झाली नाही. पोलिसांनी कार्ड बघितलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् पुढं गेले."

त्या पोलिसांची चूक नव्हती. वर्णन मी पाठवलं होतं. त्यानंतर समोरच्या माणसाचं पूर्ण ऐकल्याशिवाय मी एकही रकाना भरला नाही. त्या आठवड्यात गुरुजींना पत्र लिहिलं, ते असं:

"गुरुजी, सा. न.
मुलगी घरी आली, पण माझ्यामुळे एक दिवस उशिरा. शिकायला लागल्यावर मी आईला पुस्तक दाखवून गप्प करायचो. तीच सवय घेऊन ठाण्यात बसलो होतो. माझा सत्कार ठरतोय, मी नको म्हणालो. काल हर्सूलला जाऊन बाईंना माझी चूक सांगितली. त्या म्हणाल्या, 'मलाबी वाटलं साहेब, छापलंय म्हणजे माझंच चुकत असंल.'"