व्हिन्सेंटचं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना तर नाहीच — लपवायचं ह्यांच्यापासूनच होतं. तुला सांगते.

सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. इंग्लंडात, लीड्सला आमच्या शेजारी लिओ म्हणून एक म्हातारा एकटा राहायचा. अमेरिकेतल्या लुईझियानाचा केजन, म्हणजे तिकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीतला; घरची भाषाही फ्रेंच. इंग्रजी त्यालाही जड, मलाही, म्हणून जमलं. दुपारी मी वरणाची वाटी न्यायची, तो फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा. नेहमी एकच वॉल्ट्झ — झोपाळ्यासारखा, एक झोका जोराचा, दोन हलके.

एकदा म्हणाला, ही चाल माझी नाही. थोरल्या भावाने, व्हिन्सेंटने, एका मुलीसाठी रचली. लग्नाआधीच तो पुरात गेला. पुढे तिच्या दुसऱ्याशी झालेल्या लग्नात लिओने ती वाजवली. सगळे म्हणाले, सुरेख रचलीस — आणि हा गप्प राहिला. चाळीस वर्षं. आता कॉलेजचा एक माणूस टेप करायला येणार होता, त्याला खरं सांगायचं होतं. "माझ्याकडून सांगायचं राहिलं तर तू सांग. नाव सोपं आहे, तुझ्या मिस्टरांचंच."

ह्यांचं खरं नाव गिरणीतल्या गोऱ्यांना जमेना, ते व्हिन्सेंट म्हणत. नवऱ्याचं नाव कसं घेऊ? लिओ हसून म्हणाला, "से इट." मी दार लोटलं आणि तीनदा म्हटलं. दोघंही हसलो.

मग लिओला झटका आला. जीभ वळेना, हात मात्र शाबूत. कॉलेजचा तो माणूस टेप घेऊन आला. माझं इंग्रजी सावरायला हे सोबत. लिओने वाजवलं.

"हू मेड इट?"

लिओ माझ्याकडे बघत राहिला.

"अगं, ठाऊक असेल तर सांग की," हे म्हणाले. "रोज वरण पाजतेस त्याला."

नाव ओठावर आलं — आणि वाटलं, हे विचारतील, इतकं सहज कसं आलं? कुणासमोर म्हणून बघितलंस? रीत आड आली म्हणू? रीत तर मी आधीच मोडली होती. आणि तोंडाने नको, तर — गिरणीत बदलू नये म्हणून ह्यांच्या डब्यावर ते नाव इंग्रजीत रंगवलेलं होतं. रोज घासायची मी तो. अक्षरं काढता आली नसती का? त्या माणसाने पेन्सिलही पुढे केली होती.

"लिओ मेड इट?"

"येस," मी म्हणाले.

लिओने फिडल मांडीवर पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटी घेतली नाही. त्या हिवाळ्यात तो गेला.

पुढे रेकॉर्ड आली. हे कव्हर वाचत म्हणाले, "बघ, तुझ्या म्हाताऱ्याचं नाव छापलंय. चाल त्याचीच."

मी डबा घासत होते. अक्षरं बोटांखाली होती. मी वर बघितलं नाही.