दोन सेंटिमीटरची फट

माझी धाकटी बहीण मेल्विना विणते तसे हातमोजे अख्ख्या न्यूफाउंडलंड बेटावर कोणी विणत नाही. भाऊ म्हणून सांगत नाही, खरंच आहे. अंगठा वेगळा, पहिलं बोट वेगळं, उरलेली तीन बोटं एकत्र. बंदुकीचा घोडा ओढा की गळाची दोरी ओढा, मोजा काढावा लागत नाही. ते घालून मी मार्चात बर्फावर सीलच्या शिकारीला गेलोय, आणि घाम पुसत परत आलोय.

मासळीचा कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या गावची निम्मी माणसं कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला, तेलाच्या कामावर गेली. मेल्विना म्हणाली, "मी नाही जायची, हेडली. इंटरनेटवर दुकान टाकते." टाकलं की! दोन हिवाळे झकास चाललं. मग टपालाचे दर वाढले. जोडी चाळीस डॉलरची, आणि ती टोरांटोला पोचवायला वर एकवीस. गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानापर्यंत यायचं आणि तिथून पळायचं.

त्यात कोणीतरी परदेशातून मशीनवरचे तसलेच मोजे बारा डॉलरला विकायला लागला, टपाल फुकट. आणि फोटो कोणाचा? आमच्या मेल्विनाच्या हाताचा! मनगटावरचा सुरीचा वणसुद्धा दिसतोय. तिनं तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तक्रार मिळाली म्हणून.

शेजारची डॉर्कस मावशी चहाला आली आणि नवे मोजे घातलेले हात नाचवायला लागली. "बघ गं मेल, तुझेच घेतले, बारा डॉलरला! मला कधी इतके स्वस्त दिले नाहीस, चिंगूस कुठली."

मेल्विनानं तिचा हात हातात घेऊन वीण बघितली. "ऊब आहे का, मावशी?"

"ऊब कसली डोंबलाची! पण दिसतात छान."

मेल्विनानं तिला आणखी चहा ओतला. मावशी गेल्यावर मला म्हणाली, "या नाताळात जमलं तर राहीन. नाहीतर जानेवारीत अल्बर्टा. तेलवाल्यांच्या कॅम्पात स्वयंपाकाला बाई हवीय."

पोस्टाचा नियम असा, की पाकीट दोन सेंटिमीटरच्या फटीतून गेलं तर ते पत्र, पाच-सहा डॉलरात जातं. अडकलं की पार्सल. मेल्विनाची जोडी साडेतीन सेंटिमीटर जाड भरायची. पोस्टातली यूनिस बिचारी ढकलून ढकलून दमायची. "राणी, बोटं मोडली माझी, पण नाही जात गं."

मी सातवीपर्यंतच शिकलोय, पण डोकं आहे. खारवलेला मासा आम्ही फळीखाली घालतो, वर दगड ठेवतो, दोन दिवसांत सपाट. म्हटलं, "मासा दबतो तर लोकर का नाही दबणार? टपाल सहा डॉलर लिहून टाक दुकानावर."

"मासा मेलेला असतो, हेडली," ती हसून म्हणाली. पण लिहिलं.

एकतीस ऑर्डरी आल्या. मी स्वतः दगड निवडले, बापाच्या वेळचे. यूनिसच्या फटीतून एकतीसही पाकिटं सुळकन गेली. रांगेतल्या सगळ्यांना मी सांगितलं, अक्कल कोणाची ते.

लोकर वाटेत फुगली. शहरातल्या मोठ्या पोस्टात मशीननं पुन्हा मापं घेतली. बावीस डिसेंबरला सव्वीस पाकिटं परत आली, एकेक उशीएवढं. मेल्विनानं एक फोडलं. मोजा असा गुबगुबीत, जणू कधी दगडाखाली गेलाच नव्हता. खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला पहिल्यांदा अभिमानच वाटला. बारा डॉलरवाला मोजा असा उठून दाखवेल?

ती संध्याकाळभर सव्वीस जणांना माफीची पत्रं लिहीत होती. मी म्हटलं, "पार्सलनं पाठव. पैसे मी देतो."

"या खेपेचे देशील. पुढच्या?"

मी म्हटलं, मी पोस्टाच्या मोठ्या साहेबाला भेटतो. त्या फोटोचोराला शोधून काढतो.

"कुठे शोधणार तू त्याला?"

ते मला ठाऊक नव्हतं. ते कोणालाच ठाऊक नाही.

"सात तारखेला बोटीपर्यंत सोडशील ना?" तिनं विचारलं.

सोडलं. सहा तासांचा रस्ता, सगळा बर्फ, पण मी गाडी एकदाही घसरू दिली नाही. धक्क्यावर तिची बॅग उतरवली. तिथल्या माणसानं विचारलं, "तुम्हीपण जाताय का?" मी म्हटलं, "छे, मी कशाला? माझी बहीण जातेय. तिच्यासारखं विणणारं कोणी नाही."

तो म्हणाला, "बरं," आणि तिचं तिकीट फाडलं.