वीस सेकंद मागे असलेले मामा

बाबा रसमड्याच्या, लोखंडाच्या सळया काढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये ठेक्यावर होते, म्हणजे ठेकेदाराची मर्जी असेल त्या महिन्यात होते. पावर हाउसमागच्या एका खोलीत आम्ही चौघं. मिल बंद पडली की सकाळी चहा आणि संध्याकाळी पेज. अशा दिवसांत गोंदियाकडच्या गावाहून मामा पॅसेंजरनं यायचे, डोक्यावर तांदळाचं पोतं. "यंदा जास्तच पिकलं, ठेवायले जागा नाई," असं म्हणून ते दारात उतरवायचे. मामांचं शेत केवढं, ते आईला ठाऊक होतं. तरी ती पोत्याची शिवण उसवायची.

त्याच भातावर मी बीसीए झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते आणि सांगत राहणार. एका कंपनीत व्हिडिओ लोकांच्या फोनपर्यंत पोचवायचं काम मिळालं. नातेवाइकांनी त्याचा अर्थ काढला, की पोरगी टीव्ही दुरुस्त करते. दोन काकूंनी बिघडलेले रिमोट आणून दिले.

ताईचं लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि मामा बांधावरून घसरून मांडीचं हाड मोडून बसले. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो. आईनं जाहीर केलं, "माह्या भावानं पाहिल्याशिवाय अंतरपाट हटणार नाई."

"मग मंडप त्याच्या खाटेपाशी नेतो का?" बाबा म्हणाले.

"मी दाखवते मामांना," मी म्हणाले.

साधा व्हिडिओ कॉल त्या गावात टिकत नव्हता. मी ठरवलं, आपलंच थेट प्रक्षेपण करायचं, आणि तेही झकास. घरातून चाचणी घेतली, ताईला शालू नेसवून उभं केलं आणि एकदम स्वच्छ, भारी चित्र पाठवलं. मामांना फोन लावला.

"दिसते का?"

"दिसते ना. एक चाक दिसते. गोल गोल फिरून राहिलं. नवरदेव हाच काय वो?"

मान खाली घालून मी बाबांना समजावलं, की एकाच चित्राच्या हलक्या-भारी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या कराव्या लागतात. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, आणि नेटवर्क कसं आहे ते पाहून पुढचा तुकडा कोणता घ्यायचा, ते मामांचा फोनच ठरवणार.

"म्हणजे आमची मिलच," बाबा म्हणाले. "लोखंड एकच. कोणाले जाड सळई, कोणाले बारीक. त्यात एवढं कॉलेज कायले लागलं?"

मी चार आवृत्त्या केल्या. मामांकडे चाक फिरतच राहिलं. कारण सगळ्यात हलकी आवृत्तीसुद्धा मी बऱ्यापैकी स्वच्छ ठेवली होती. माझ्या हातून अंधूक चित्र जावं, हे मला पटत नव्हतं. बाबांनी ते बरोबर ओळखलं.

"तुले मामाले लग्न दाखवायचं हाय, का तुही डिग्री?"

मी आणखी एक, पाचवी आवृत्ती केली. इतकी हलकी, की ताईचं नाक गालात मिसळलं. मामांचा फोन आला, "आता दिसली! अशी कावून सुजली वो पोरगी?" ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी माझा लॅपटॉप हॉलच्या कूलरसमोर ठेवला होता. एक काकू तिथेच घाम वाळवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिच्या लग्नाले कॅमेरा कोण लावल?" माझी नजर लॅपटॉपवर होती. गावात मामांच्या शेजाऱ्यांनीही आपापल्या फोनवर लग्न लावलं होतं, त्या गर्दीत नेटवर्क मंदावलं आणि मामांचा फोन घसरत घसरत पाचव्या आवृत्तीवर आला होता. पण चालू होता.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. चित्राचे तुकडे तयार होऊन पोचेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे मामा आमच्या वीस सेकंद मागे होते. मामांच्या घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर लावलेला साधा फोन तेवढा वेळेवर होता, आणि तो आईच्या कानाला.

शेवटचं 'सावधान' झालं. दोनशे हात अक्षता घेऊन वर गेले.

"थांबा!" आई ओरडली. "दादा, झालं का तुह्याकडं?"

तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि मामांचा आवाज आला. "कायचं झालं? नवरदेव आता घाम पुसून राहिला."

"बाई, मुहूर्त चालला," भटजी म्हणाले.

"मुहूर्ताले सांगा, माहा भाऊ येऊन राहिला."

अंतरपाट धरणाऱ्यांनी हात बदलले. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच वरात अडवली होती. नवरदेवानं पुन्हा घाम पुसला. वीस सेकंद एवढे लांब असतात, हे मला बीसीएत कुणी शिकवलं नव्हतं.

मग स्पीकरमधून मामा ओरडले, "सावधान झालं! हटवा!"

अंतरपाट हटला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. आई फोन छातीशी धरून रडत होती, आणि तेवढ्यात फोनमधून मामा वैतागून म्हणाले, "अरे, कावून उभे राहिले सगळे? टाका ना अक्षता! यायले कोणी शिकवलं का नाई?"

आमचं थांबणं आता त्यांच्यापर्यंत पोचलं होतं; वीस सेकंदांनी त्यांच्याकडेही अक्षता पडल्या. मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

मामांनी भाचीचं लग्न पहिल्या मंगलाष्टकापासून पाठवणीपर्यंत खाटेवरून पाहिलं. चित्र अंधूक होतं, पण एकदाही थांबलं नाही. ते काम मी केलं.