पडून राहिली

धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रेच्या खिडकीवर बसते. "काही नाही हो, जरासा पाय मुरगळला," म्हणत आलेल्या माणसाचं हाड मोडलेलं निघतं, हे रोज पाहून माझा कुणावर फारसा विश्वास उरलेला नाही. त्यामुळे आठवीतल्या लेकीनं उन्हाळी नेतृत्व शिबिराचं पत्रक आणलं, तेव्हा मी आधी त्यातला फोटोच बारकाईनं पाहिला. दोरांना लटकलेली सगळी मुलं हसत होती. मे महिन्यात, आपल्याकडच्या उन्हात, दोराला लटकून कोण हसतं?

"काहो, दोर धरून भिंत चढली की लीडर होते का कोणी?" मी नवऱ्याला विचारलं.

"जाऊ दे ना तिले. काहून तिच्या मागं लागून राहिली?"

गेली. शिबिर शहराबाहेर, तलावाजवळच्या टेकडीवर होतं. शिकवणारे सर पुण्याचे, बोलायला अगदी गोड. तेही मला खटकलं. पोहोचल्या पोहोचल्या त्यांनी मुलांचे फोन काढून घेतले म्हणे. असं तिथे काय चालणार होतं, जे आईला कळलेलं चालत नव्हतं?

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी त्या सरांचाच फोन आला. "काळजीचं काही नाही," अशी सुरुवात झाली.

"ताई, मुलगी हुशार आहे, पण चिकाटी कमी पडते. आज भिंतीवर अर्ध्यापर्यंत गेली आणि स्वतःच म्हणाली, 'सर, मी पडून राहिली, पडून राहिली.' म्हटलं, राहा निवांत, दम घे. तर घसरलीच. दोर होता म्हणून लागलं नाही. पण असा आळस बरा नाही. तुम्ही जरा समजावा."

आमच्याकडे पडून राहिली म्हणजे पडतेय. आत्ता, या क्षणी पडतेय. माझी पोर भिंतीवरून सुटता सुटता जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि खाली दोर धरलेला हा माणूस तिला आराम कर म्हणून सांगत होता! मी त्याला फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि स्कूटर काढून तिला आणायला गेले. ती भिंतीपाशीच होती, कमरेला पट्टे बांधून तयार. भिंतीच्या टोकाला एक पितळी घंटी टांगली होती. वर पोहोचेल त्यानं ती वाजवायची.

"तू काहून आली?"

"तुले न्यायले."

"मी नाही येत. आज मी घंटी वाजवतेच. सरायले सांगितलं मी, पडून राहिली म्हणजे काय ते. आता समजते त्यायले."

सर चेहरा पाडून पुढे आले. "ताई, माझंच चुकलं." पटकन चूक कबूल करणारी माणसंही मी खिडकीवर पुष्कळ पाहिली आहेत. "चढू द्या तिला," मी म्हटलं, "पण मी इथंच उभी राहणार."

मी त्यांच्या अगदी शेजारी उभी राहिले. दोर सैल तर पडत नाही ना? लक्ष वरच आहे ना? मध्येच त्यांच्या खिशातला फोन वाजला. हात खिशाकडे गेला असता तर मी तिथंच त्यांचं मनगट धरलं असतं. गेला नाही. वरून आवाज आला, "सर, पडून राहिली!" शब्द पुरा व्हायच्या आत त्यांनी दोर खेचून धरला. मग पुन्हा हळूहळू दोर आवरत गेले, आणि शेवटी सावकाश सोडत. त्या दोन हातांवरून मी नजर हलवली नाही.

लेक खाली आली. गुडघे खरचटलेले, तोंड लालबुंद, डोळे नुसते चमकत होते.

"आई वं, पाहिलं का? वाजवली मी घंटी!"

"पाहिलं ना."

तिनं बाटली तोंडाला लावली, घोटभर पाणी पिऊन माझ्याकडे बघत राहिली.

"नाही वं. मी वरून तुलेच शोधत होती. तू तर सरायच्या हाताकडेच पाहून राहिली होती."

ती घंटी मला ऐकूही आली नव्हती.