मुसळाच्या ठोक्यावर शिकलेली रशियन

पोलादाच्या कारखान्यात, कोळसा भाजून कोक करायच्या भट्टीच्या माथ्यावर झाकणं उघडायच्या कामाले मी होतो. पायात लाकडी तळाचे जोडे, तरी तळवे भाजायचे, अन् नाकातोंडात नुसता धूर. धानाची शेती सोडून भिलाईले आलो तवा वाटलं होतं, पक्की नोकरी लागली, आता सुख. कशाचं सुख अन् कशाचं काय! घरी आलो की जेवण कमी अन् खोकणंच जास्त.

सुटायचा एकच रस्ता होता. तयार कोक भट्टीतून बाहेर ढकलणारी मोठी मशीन रशियन लोक बसवून राहिले होते, अन् तिच्या केबिनीत बसून ती चालवायले माणसं निवडणार होते. कामापुरती रशियन बोलता आली पाहिजे, एवढीच अट. संध्याकाळच्या वर्गात एक दुभाषी आमाले शिकवायचे. त्या मशीनचं रशियन नाव ऐकलं अन् माझी तं बोबडीच वळली. कोक्सोविताल्किवातेल! दुभाष्यांनी सांगितलं, लांब शब्दाले भ्यायचं नाई, तोडायचं. आधी कोक, मग बाहेर, मग ढकलणं, अन् शेवटी ते करणारा. तोडल्यावर खरंच सोपं वाटलं.

भिलाईतल्याच सुपेल्याजवळच्या आमच्या झोपडीत बायको उखळात धान कांडायची. "आजचा शब्द सांगा न जी," म्हणायची. मग मुसळाच्या एका ठोक्याले मी एक तुकडा टाकायचो. कोक, धप्प. सो, धप्प. वि, धप्प. मुसळ वर गेलं की थांबायचं, खाली आलं की पुढचा तुकडा. झडपेचा, दाबाचा, सगळे शब्द असेच पाठ झाले. ती हसायची, "बाप्पा, तुमी तं आता साहेबच झाले!" मलेही तसंच वाटून राहिलं होतं.

परीक्षेले समोर रशियन इंजिनिअर, बाजूले दुभाषी. भिंतीवर मशीनचं चित्र होतं. इंजिनिअरनं तिचं नाव विचारलं. मी सुरू केलं. कोक. सो. वि. अन् दर तुकड्याले मी थांबून राहिलो, मुसळ पडायची वाट पाहत. हात आपोआप टेबलावर आपटत होता. रशियन लोक मधल्या 'ताल'वर जोर देऊन बाकीचं सर्रकन बोलून टाकतात. मी वर्गात ऐकलं होतं ते, पण जिभेत घरचं कांडणच मुरलं होतं. एका दमात म्हण, असं इंजिनिअरनं सांगितलं. एका दमात म्हणायले गेलो तं तोंडातून आवाजच निघेना. तुकडे सगळे होते, जोडता एकही येईना. इंजिनिअर दुभाष्याले हळूच काही बोलला. रागावला असता तं परवडलं असतं, पण त्याले माझी कीव आली होती. दुभाष्यांनी त्याचं बोलणं मले सांगितलं, "माणूस मेहनती आहे म्हणतात. पण उद्या मशीनसमोर आमचा कोणी रशियन आला अन् याले ओरडायची वेळ आली, तं याचं बोलणं होईपर्यंत तो माणूस मरेल."

बरोबरच होतं त्याचं. आग लागो त्या बरोबरले!

बायको म्हणाली, "असे काहून बसले जी? पुढच्या बारीले परीक्षा द्या न." पुढची बारी आलीच नाई. केबिनीत दुसरे बसले, मी परत भट्टीच्या माथ्यावर गेलो. तिथून मले खाली आणलं ते धुरानं छाती पार कामातून गेल्यावर, तेही दोघांनी खांद्याले धरून.