भागोजीदादांचं ध्यान

आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे भागोजीदादाच आखतात. मूर्तीचं बाकी काम चार हातांतून जातं, आखणी मात्र एकाच हाताची. रेघ केसभर सरकली तर देव रागावलेला दिसतो, नाहीतर पेंगुळलेला.

दादा नागोठण्याच्या पुढच्या गावचे. भाताची लावणी उरकली की रोज सकाळी पंचवीस किलोमीटर मोटरसायकल हाकत येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक नवीनच रीत धरली. आल्या आल्या पाय धुवायचे, मूर्तीसमोर पाटावर बसायचं, तळवे वर करून मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. अर्ध्या तासाने कुंचला उचलायचा.

मी बघताक्षणी अर्थ लावून मोकळी झाले. मूर्ती ठरवायला येणाऱ्यांना सांगू लागले, आमचे दादा ध्यान केल्याशिवाय देवाच्या डोळ्यांना हात लावत नाहीत. त्याचा व्हिडिओ काढून कारखान्याच्या नावाने टाकलासुद्धा. मग लोक मुद्दाम सकाळचे येऊ लागले, दादांना वाकून नमस्कार करू लागले. दादा अंग चोरून घ्यायचे. मला तो विनय वाटायचा.

श्रावणातल्या एका दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून दादा माझ्यापाशी आले.

"वैनी, ते ध्यान न्हाय," ते म्हणाले. "गाडीचं हँडल लय थरथरतं. हितं येईस्तोवर बोटांत मुंग्या. कुंचला धरलाय का न्हाय, तेबी कळत न्हाय. जरा वेळ बसलो की हात जागेवर येतात."

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, हात बधिर होतो असं कळलं असतं तर डोळ्यांवरून काढून रंगाच्या पिंपावर बसवलं असतंत. ते खोटं नव्हतं. यंदा सलिल, म्हणजे माझे यजमान, आणि मी दादांच्या वयाबद्दल बोललोही होतो.

तेव्हाच मी लोकांना खरं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "असू दे दादा. ऐन मोसमात कशाला बोलायचं? बसता तसे बसत राहा." ते मान खाली घालून गेले.

गाडीचा इलाज मात्र त्यांनी स्वतःच शोधला. वडखळच्या हर्षद मेकॅनिकने इंजिनाच्या बोल्टांखालची झिजलेली रबरं बदलली. मग हँडलच्या दोन्ही टोकांची बुचं काढून मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आत भरल्या, वाजू नयेत म्हणून ट्यूबच्या पट्ट्या ठासल्या. वजन वाढलं की टोकं कमी थरथरतात, असं त्याचं म्हणणं. वर जाड स्पंजच्या मुठी चढवल्या आणि बजावलं, "काका, हँडल हलकं धरा, म्हशीची शिंगं धरल्यागत नको."

दुसऱ्या दिवशी दादा आले, पाय धुतले आणि थेट कुंचला उचलला. रेघ अशी उतरली की मी बघत राहिले.

त्याच वेळी ठाण्याहून एक कुटुंब आलं. सोबत ऐंशीच्या आजी, काठी टेकत. व्हिडिओ बघून खास दादांचं ध्यान बघायला आणलं होतं त्यांना. दादांना काम करताना बघून सगळ्यांचे चेहरे पडले. मी दादांकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच पाट दाखवला.

दादांनी कुंचला ठेवला. बसले. डोळे मिटले. आता हात पूर्ण जागेवर होते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. आजी कशाबशा वाकल्या आणि त्यांच्या पायांना हात लावायला गेल्या.

दादांनी पाय झटकन मागे घेतले.

"आजी, उठा. मी ध्यान करीत न्हाय, कधी केलंबी न्हाय. गाडीनं हात बधिर व्हायचं, म्हणून बसायचो. आज तर हात बराय. आज मी निस्तं ढोंग केलं."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. आजींची सून व्हिडिओसाठी फोन धरून तशीच उभी.

आजी काठीवर सावरल्या. विचारलं, "आता बधिर नाही ना हात?"

"न्हाय."

"मग काढ रे बाबा तो डोळा. मी बसते इथे."

दादा उठले आणि त्यांनी पाट आजींपुढे सरकवला. मी आत जाऊन चहा टाकला. कप घेऊन दादांपाशी आले. दादांनी मान वळवली नाही.

"ठेवा तिथं, वैनी," म्हणाले, "रेघ अर्धी हाय."